राक्षसाचा कर्मणी प्रयोग

व्याकरण येतं म्हणून मला कोणी आपणहून फोन केला, असं आयुष्यात एकदाच झालं. समोरच्यांना एका राजकन्येच्या हातून आग पेटवायची होती आणि ती काही केल्या पेटत नव्हती.

मी आर्वीला एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. राहते वर्ध्याला, पिपरी मेघेत. रोज एसटीने जाणं-येणं. अकरावी-बारावीची मुलं मराठीच्या तासाला विश्रांतीसाठी येतात, हे मी फार पूर्वीच मान्य केलं आहे. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला कर्मणी प्रयोग शिकवणं म्हणजे वरात थांबवून रस्त्याची रुंदी सांगण्यासारखं आहे. ऐकतात बिचारी, पण लक्ष घोड्याकडे.

फोन केला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. कारंजा घाडग्याजवळच्या खेड्यातली मुलगी, वडिलांचं हायवेवर पंक्चरचं दुकान. वर्गात तिचा प्रत्येक प्रश्न ‘काऊन’ने सुरू व्हायचा. ‘मॅडम, दरवाजा मानूस, खिडकी बाई, अन् दार नपुंसक, असं काऊन?’ मी ‘पाठ कर’ म्हणायचे. आता ती पुण्याला होती. लोक फोनवर ज्या लांबलचक गोष्टी ऐकतात, त्या बनवणाऱ्या एका कंपनीत.

“मॅडम, मी बोलतेय. ओळखलंत का?”

‘ओळखलंत’मधला तो ‘त’ इतका स्वच्छ होता, की मला वाटलं बँकेतून कोणी कर्ज हवंय का विचारतंय.

कंपनी एक मोठी जादूची कथा करत होती. हरवलेलं राज्य, मंत्र शिकवणारं गुरुकुल, आगीशी बोलणारी राजकन्या आणि दक्षिणेला, अर्थातच जंगलात, राक्षसांचा राजा. सगळं जमलं होतं, फक्त मंत्र जमत नव्हते. तिने मला नमुना पाठवला. राजकन्या हात वर करून म्हणते, ‘अग्निम् प्रज्वलम् भवम्!’

मी तिला लगेच फोन लावला. “अगं, यात क्रियापद कुठे आहे? तिन्ही शब्द द्वितीयेत दिसतात. कोणीतरी कशाला तरी काहीतरी करतंय. पण कोण, कशाला आणि काय, ते सांगितलेलंच नाही. याने काडी पेटणार नाही.”

ती पूर्वीसारखी खळखळून हसली आणि माझं हे वाक्य तिने आपल्या दिग्दर्शकाला जसंच्या तसं ऐकवलं. दुसऱ्याच दिवशी त्याने मला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. तिशीतला माणूस, डोक्यावर केसांचा बुचडा आणि दर वाक्याला एकदा ‘फील’.

“मॅडम, आम्हाला पूर्ण भाषाच बनवून द्या,” तो म्हणाला. “प्राचीन. लोकांना कळली नाही पाहिजे. पण कळली पाहिजे. म्हणजे, फील कळला पाहिजे.”

मला तो माणूस मूर्ख वाटला आणि काम फार आवडलं. दोन्ही खरं.

कामाला लागण्याआधी, असल्या गोष्टींत मंत्र कसे असतात ते पाहावं म्हणून मी मिळतील तेवढ्या परदेशी कादंबऱ्या वाचल्या. तिकडचे जादूगार त्यांच्याकडची एखादी मेलेली भाषा मोडूनतोडून ओरडतात. आपल्याकडचे संस्कृतला अनुस्वार लावून ओरडतात. कारण एकच. न कळणारं बोललं की समोरचा दबतो. हे पुरोहितांना, वकिलांना आणि डॉक्टरांना जादूगारांच्या आधीपासून ठाऊक आहे. एवढाच हिशेब असेल तर भाषा कशाला बनवायची, नुसतं खाकरलं तरी चालेल. मला तसं करायचं नव्हतं. मला अशी भाषा हवी होती, की जिच्यात व्याकरण चुकलं तर मंत्र चुकेल आणि मांत्रिकाला त्याचं फळ भोगावं लागेल. निदान कुठेतरी व्याकरण चुकल्याची शिक्षा व्हावी.

एसटीत माझ्या शेजारच्या सीटवर गेली कित्येक वर्षं आमच्याच कॉलेजची जीवशास्त्राची मॅडम बसते. ती कोलाम आदिवासी. घरी कोलामी बोलते, बसमध्ये वऱ्हाडी, वर्गात निम्मी इंग्रजी आणि प्राचार्यांशी शक्यतो काहीच नाही. मी वहीत खरडत होते ते तिने वाकून पाहिलं.

“काय लिहून राह्यली वं?”

“मंत्र. आगीला हुकूम सोडायचाय. ‘पेट’ म्हणू की ‘पेटा’?”

“आगीले अहो-जाहो करते का कोनी?”

“देव आहे ना पण ती.”

“मंग ‘पेटा’ म्हन. पन मंग ते सरकारी आग होईन. पह्यले अर्ज मागीन.”

‘पेटा’ तिथेच खोडलं. ‘पेटावं’ही गेलं, विध्यर्थ म्हणजे विनंती, आणि विनंतीवर आग पेटत असती तर आमच्या कॉलेजातले ट्यूबलाइट कधीच लागले असते. मग मला आपल्या वऱ्हाडीतला ‘जो’ आठवला. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे ये, पण आत्ता नाही. सवड झाली, वेळ आली, की ये. पुण्याच्या मराठीत ही सोय नाही. तिथे ‘ये’ म्हटलं की माणूस खरंच येण्याची भीती असते, म्हणून बहुधा कोणी कोणाला म्हणत नाही. पण मंत्रासाठी हे केवढं मोठं हत्यार! ‘पेट’ म्हटलं की आत्ता पेटेल. ‘पेटजो’ म्हटलं की मंत्र लाकडात जाऊन बसेल आणि वेळ आल्यावर पेटेल. कैदेतली राजकन्या जाता जाता तुरुंगाच्या दाराला ‘पेटजो’ म्हणून झोपून जाईल. पहारेकऱ्याने दाराला पाठ टेकली, की काम झालं.

“हा त टायमर झाला,” जीवशास्त्राची मॅडम म्हणाली. तिलाही आता मजा येत होती.

मग मी तिला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ समजावून सांगितलं. संरक्षणाच्या मंत्रात ‘आमचं रक्षण कर’ म्हटलं, तर समोर उभा राहून ऐकणारा वगळला जातो. ‘आपलं रक्षण कर’ म्हटलं, की तोही छत्राखाली येतो. राजकन्येने घाईत एक शब्द चुकवला आणि समोर तलवार घेऊन उभा असलेला शत्रूही सुखरूप वाचला.

तिने ऐकून घेतलं. खिडकीबाहेर बघत म्हणाली, “अन् तुमच्या ‘आपन’मंधी आमी येतो का?”

“म्हणजे?”

“काई नाई. मंत्राचंच इचारून राह्यली.”

भाषा तयार झाली. मी ती नीट टाइप करून पाठवली आणि पुन्हा व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर तीन चौकोन: दिग्दर्शक, माझी विद्यार्थिनी आणि मी. दिग्दर्शकाने तोंडभर कौतुक केलं. लिंग चुकलं की दार अर्धंच उघडतं, ही कल्पना तर त्याला इतकी आवडली की त्याने ती मलाच दोनदा समजावून सांगितली.

“फक्त एक, मॅडम. शेवटी ‘म्’ लावता येईल का?”

“कशाच्या शेवटी?”

“सगळ्याच्या.”

“पण ‘म्’ कशासाठी? त्या प्रत्ययाला काही अर्थ हवा ना?”

“फील. ‘म्’ आला ना, की हेडफोनमध्ये घंटा वाजल्यासारखं होतं. घंटेशिवाय लोकांना पवित्र वाटत नाही.”

मी काही बोलायच्या आत तो पुढे सरकला होता. “आणि राक्षसांची भाषा वेगळी पाहिजे. रफ. मी काय म्हणतो, तुमच्याकडची मराठी एकदम परफेक्ट आहे. ते ‘मले-तुले’. ती नॅचरलीच रफ आहे ना.”

दुसऱ्या चौकोनातल्या मुलीने मान खाली घातली. काहीतरी वाचत असल्यासारखं केलं.

“किंवा, थांबा!” त्याला आणखी सुचलं. “काळ्या जादूसाठी एखादी आदिवासी भाषा! तुमच्या एरियात असतील ना ते लोक? थोडे शब्द मिळवून द्या. नुसते शब्द चालतील, व्याकरणाची गरज नाही.”

म्हणजे राजकन्येला संस्कृतची घंटा, राक्षसाला माझी बोली आणि त्याच्याही खालच्या अंधाराला माझ्या मैत्रिणीची. वर्णव्यवस्था मोडीत निघाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी जादूच्या गोष्टी ऐकाव्यात. तिथे तिला नवीन घर मिळालं आहे. हे सगळं मला त्याला सुनवायचं होतं. मी “बघते” म्हणाले.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. या वेळी ‘ओळखलंत का’ नव्हतं.

“मॅडम, मी काय बोलू सांगा? मले नोकरी करा लागते.”

“तुला कोण काय म्हणतंय?”

“मीच म्हनून राह्यली ना.” आणि मग ती बोलतच गेली. पहिल्या आठवड्यात ऑफिसात कोणीतरी नाश्त्याला बोलावलं. ही म्हणाली, ‘मी नाश्ता करून आली.’ तिथे मुली ‘करून आले’ म्हणतात. सगळे हसले, वाईट हेतूने नाही, गोड वाटलं म्हणून. ‘परत बोल ना,’ असं म्हणाले. त्यानंतर ती खोलीवर आरशासमोर ‘आले, गेले, केले’ म्हणत उभी राहायची. ती आता इतकं साफ बोलते की नव्या लोकांना कळतही नाही. पण जुने विसरले नाहीत. गोष्टीत मोलकरीण आली की हिला बोलावतात, चोर आला की हिलाच. “चोट्टा मी, वाचमन मी, येडी बाई मी. ‘तुझ्या स्टाईलमध्ये बोल ना,’ म्हनतात. आता राक्षसबी मीच होईन, मॅडम. सारे गुन्हे माह्याच बोलीत.”

मी तिला धीर देण्यासारखं काही बोलले असेन. आठवत नाही. माझा स्वतःचाच तोल गेला होता.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी जीवशास्त्राच्या मॅडमला काळ्या जादूचं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने कुतूहलाने विचारलं, “राक्षसाले आमची भाषा कोनी शिकवली?”

“काय?”

“आमच्या पोडावरच्या लेकरांले शाळेत कोनी शिकवत नाई. अन् राक्षसाले येते. चांगल्या शाळेत गेला असन.” पोड म्हणजे कोलामांची वस्ती, तिची टेकडीवर आहे. “त्याईले सांग, आमच्या भाषेत राक्षस आला त माही माय पह्यले त्याले जेवला का म्हून इचारीन. काळी जादू तिथंच खतम.”

मी हसले. ती हसली नाही.

“इतके वर्स बाजूले बसून राह्यली, तुनं एक शब्द इचारला नाई. आज इचारला त राक्षसासाठी.”

 थोड्या वेळाने तिने शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली, तेव्हा भांडण झालेलं नाही एवढं कळलं. तिची भाषा कंपनीला मिळणार नाही, हेही तेव्हाच ठरलं. पण मग राक्षस बोलणार काय?

त्याचं उत्तर मला त्याच आठवड्यात प्राचार्यांच्या खोलीत मिळालं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि समोरच्या काचेवरचा पेपरवेट फिरवत सांगितलं,

“मॅडम, पुढील वर्षापासून मराठीच्या दोन्ही तुकड्या एकत्र करण्यात येत आहेत.”

“का, सर?”

“विद्यार्थ्यांचा कल मराठीऐवजी आयटी घेण्याकडे असल्याचे दिसून आले आहे.”

“कोणाला दिसलं?”

“दिसून आले आहे.”

“पण निर्णय कोणी घेतला?”

“निर्णय घेण्यात आला आहे.”

“तुम्ही घेतला का?”

मी त्यांच्या घरातल्या बायकांविषयी काही विचारावं, तसे ते दचकले. “मी? मी कशाला घेऊ? मला कळवण्यात आलं.”

“कोणी कळवलं?”

“वरून.”

मी वर पाहिलं. पंखा होता. तोही बंद.

ही वाक्यं मी आयुष्यभर ऐकत आले होते. तुम्हीही ऐकली असतील. पण तेव्हा माझ्या डोक्यात मंत्रांचे नियम घोळत होते, म्हणून मला ती पहिल्यांदाच नीट ऐकू आली. माझ्या भाषेत एक नियम होता: शाप उलटवायचा असेल तर तो कोणी दिला ते उलट्या मंत्रात म्हणावं लागतं. मंत्राला परत जायला पत्ता हवा. आणि इथे माझ्यासमोर असा शाप होता की ज्यात कर्ताच नाही. तुकड्या एकत्र होतात, रस्ते अडवले जातात, नावं वगळण्यात येतात, आणि करणारा कोणीच नसतो. काय उलटवणार आणि कोणावर? इतकी वर्षं मी फळ्यावर लिहून देत होते की कर्मणी प्रयोगात कर्ता गाळला तरी चालतो. तो गाळला की माणूस किती सुखाने खुर्चीत बसू शकतो, ते मात्र पुस्तकात दिलेलं नाही. माझे निम्मे तास जाणार होते, मला रडू यायला हवं होतं. मी प्राचार्यांचे आभार मानून बाहेर पडले. ते गोंधळले.

परतीच्या बसमध्ये मी राक्षसाचा पहिला मंत्र लिहिला आणि मैत्रिणीला हळूच वाचून दाखवला. ‘सदर राजकन्येचा उजवा हात तात्काळ प्रभावाने निष्क्रिय करण्यात येत आहे.’

ती इतकी हसली की पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं.

“अजून?”

“‘आपले गाव अस्तित्वात नसल्याचे आढळून आले आहे.’ हा म्हटला की गाव नाहीसं होतं.”

तिचं हसू थांबलं. “हे त आमाले खरंच सांगतलं होतं वं. पोडाले रस्ता मागाले गेलतो आमी. साहेब म्हने, अशी वस्ती आढळून येत नाई. आमी सारे तिथंच उभे, त्याच्या टेबलापुढं.”

“मग?”

“मंग काय. आढळून नाई आलो.” माझ्या हातातलं पेन तिने काढून घेतलं. “असे मंत्र त मले तुह्यापेक्षा जास्त येतात. लिही. नाई, थांब, मीच लिहितो.”

राक्षसाचे सगळ्यात भयंकर मंत्र तिचे आहेत. ‘आपली मागणी योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आली आहे’ हा तिचाच. हा मारला की समोरचा माणूस मरत नाही, उभ्या जागी म्हातारा होत जातो. आर्वी ते वर्धा रस्ता कधी संपला ते आम्हाला कळलं नाही. कापसाच्या गाड्यांमागे बस अडकली होती तेही बरंच वाटलं.

मी ते सगळं पुण्याला पाठवलं आणि वर लिहिलं, की राक्षस ‘मले-तुले’ बोलणार नाहीत; ते प्रमाण मराठी बोलतील, आणि तीही शुद्ध. दिग्दर्शकाचा फोन आला.

“मॅडम, ही जादू आहे?”

“तुमच्या घरी कोणाचं कधी काम अडकलं नाही का?”

 त्याच्या आईचं नाव घराच्या कागदावर चुकीचं पडलं होतं. ते दुरुस्त करायला ती बिचारी अजून फेऱ्या घालत होती, असं त्याने सांगितलं. सांगताना त्याचा ‘फील’ कुठे गेला कोण जाणे. मग म्हणाला, “पण राक्षस ओरडत का नाही?”

“ज्याच्या हातात सगळं आहे तो कशाला ओरडेल?”

एवढं त्याने मानलं. ‘म्’ मात्र त्याने सोडला नाही, आणि मीही हट्ट सोडला नाही. मधल्या मध्ये माझ्या विद्यार्थिनीने मला न विचारता तोडगा काढला. तिने फोनवर जरा भीतभीतच सांगितलं.

“मॅडम, रागावू नका. मी ‘पेटजो’ले म् लावून टाकला. ‘पेटजोम्’.”

“काय?”

“‘थांबजोम्’, ‘उघडजोम्’. सरांले म्हटलं, हे एक लुप्त झालेलं रूप आहे. लुप्त म्हटलं की ते काई इचारत नाईत. लई आवडलं त्याईले.”

व्याकरणाची शिक्षिका म्हणून मी पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा मला हसू आवरेना.

कथा सुरू झाली. चालली. लोकांनी खाली लिहिलं की ‘पेटजोम्’ ऐकताना अंगावर काटा येतो, हे उच्चार खरे प्राचीन आहेत, आजच्या पिढीला असं काही सुचणार नाही. एका गृहस्थांनी तर हे रूप आपल्या आजोबांच्या पोथीत पाहिल्याचं लिहिलं आणि आता ती पोथी सापडत नसल्याचंही त्यांनीच कळवलं. आर्वीच्या डेपोत मात्र कोणी फसलं नाही. आमच्या बसच्या कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, “मॅडम, हे आपलं ‘पेटजो’च होय ना? मंग म् काऊन लावला?”

“फील यावा म्हणून.”

“हाव का,” तो म्हणाला आणि पुढच्या सीटकडे गेला.

राजकन्येपेक्षा राक्षस गाजला. माझ्या वर्गात तर त्याने कहर केला. ‘गृहपाठ केला का?’ विचारलं की उत्तर यायचं, ‘गृहपाठ करण्यात आलेला नाही, मॅडम.’ ‘खिडकीची काच कोणी फोडली?’ ‘काच फुटल्याचे निदर्शनास आले आहे.’ मी इतकी वर्षं घसा कोरडा करून जे शिकवू शकले नाही ते एका राक्षसाने काही आठवड्यांत शिकवलं. मुलांचे कर्मणी प्रयोग आता चुकत नव्हते. उत्तरं तपासताना मला पूर्ण गुण द्यावे लागले आणि काचेचा खर्च माझ्या गळ्यात पडला.

श्रेयनामावलीत माझं नाव नव्हतं. तिथे फक्त ‘विशेष भाषा घडवण्यात आली’ एवढं होतं. एका मुलाखतीत दिग्दर्शक म्हणाला की या भाषेवर त्यांच्या टीमकडून सखोल संशोधन करण्यात आलं. जीवशास्त्राच्या मॅडमने ते ऐकून माझ्या पाठीवर थाप मारली. तिचंही नाव नव्हतं, पण तिला त्याची सवय होती; तिचं तर अख्खं पोड नव्हतं.

तुकड्या एकत्र झाल्याच. जादूच्या गोष्टीने सरकारी निर्णय फिरत नाहीत. प्राचार्यांनी मला पुन्हा बोलावलं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की कथेत माझा हात आहे. त्यांनी स्वतः ती ऐकली होती. पेपरवेट फिरवत ते म्हणाले, “छान आहे हो. पण एक सांगू? मला सगळ्यांत तो राक्षस फार समजूतदार वाटला. तोल सोडत नाही.” मग त्यांनी मला कळवलं की माझा सत्कार आयोजित करण्यात आला आहे. तो अजून झालेला नाही.

उन्हाळ्यात माझी विद्यार्थिनी चुलत भावाच्या लग्नाला गावी आली. मला भेटायचंच म्हणून हटून बसली, तेव्हा मी कारंजाला गेले. वडिलांच्या दुकानाशेजारच्या ढाब्यावर तिने मला बसवलं. समोर ट्रकांची रांग, उन्हात तापलेल्या टायरांचा वास, आणि ही माझ्यापुढे शेवभाजीची वाटी सरकवत पुण्याच्या गोष्टी सांगत होती. स्टुडिओत राजकन्येचं काम करणाऱ्या नटीला ‘जो’ नीट म्हणता येत नव्हता म्हणे. ती ‘जो’वर इतका जोर द्यायची की मंत्राऐवजी भांडण वाटायचं. मग ही काचेच्या आत गेली आणि तिला म्हणून दाखवलं. हळू, लाडाने, आई लेकराला बाहेर जाताना सांगते तसं. बाहेर हेडफोन लावून बसलेली माणसंही तिच्या मागून पुटपुटायला लागली.

“हसले नाहीत?” मी विचारलं.

“नाई ना. त्याईले वाटलं प्राचीन आहे.”

आम्ही दोघी हसलो. मग ती जरा गंभीर झाली. परवा कंपनीच्या दुसऱ्या कुठल्याशा गोष्टीत चोर आला आणि सवयीने हिला हाक मारण्यात आली. ही माइकपुढे उभी राहिली आणि तिने चोराला आरशासमोर शिकलेली, घासून पुसून स्वच्छ केलेली पुण्याची मराठी दिली.

“म्हणजे कशी?”

तिने घसा साफ केला. मान ताठ केली. शेजारच्या बाजेवरचा ट्रक ड्रायव्हर जेवता जेवता थांबून बघायला लागला.

“‘क्षमा करा हं. आपण जरा बाजूला होता का? मला आपली तिजोरी फोडायची आहे.’”

ड्रायव्हरला ठसका लागला. मी डोळे पुसत विचारलं, “मग? दिग्दर्शक काय म्हणाला?”

“पह्यले कागद पाह्यला. मंग म्हने, असा चोर असतो का कुठं? मी म्हटलं, सर, माह्या वळखीचे सारे मोठे चोर असेच बोलतात.” तिने भाकरीचा तुकडा मोडला. “हासले मॅडम, सारे हासले. पन माह्यावर नाई हासले.”

चोर तसाच ठेवला का, ते तिला अजून माहीत नव्हतं. रेकॉर्डिंग झालं होतं, पुढचं कंपनी ठरवणार होती. तेवढ्यात दुकानासमोर एक ट्रक येऊन लागला आणि वडिलांनी तिला हाक मारली. ती ओढणी खोचून जॅक धरायला उठली, आणि जाता जाता ढाबेवाल्याला माझ्यासाठी आणखी एक भाकरी सांगून गेली.